गोळे जिथे पडले, त्या जमिनीचं काय? संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. संरक्षण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, सा. न. वि. वि.

देवळालीच्या बाजूला तोफखान्याचं फायरिंग सुरू झालं की आमच्या वर्गाची तावदानं थरथरतात. मुलं मान वर करूनही बघत नाहीत, इतका तो आवाज अंगवळणी पडलाय. तोफखान्याचा अभिमान नाशिकला वेगळा शिकवावा लागत नाही, म्हणूनच हे पत्र इथून लिहितो आहे.

कारगिलच्या युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक तोफगोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले. बोफोर्सचा एकेक गोळा सुमारे ४३ किलोचा. तो मारा झाला नसता, तर द्रासजवळची तोलोलिंग आणि टायगर हिल ही शिखरं घेताना आणखी किती जवान गेले असते, याचा विचारही करवत नाही. त्या माऱ्याबद्दल तक्रार नाहीच. मी भूगोल शिकवतो. माझा प्रश्न त्यानंतरच्या जमिनीचा आहे.

नांगर वीतभर खोल जातो. जड गोळा जमिनीत घुसून फुटतो तेव्हा कित्येक फुटांपर्यंतचं सगळं उलथतं. शेकडो वर्षांत तयार झालेली वरची माती उडून जाते, खालचा मुरूम वर येतो, खडकाला तडे जातात, पाण्याच्या वाटा बदलतात. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या व्हर्दंला १९१६ साली दहा महिने हेच चाललं. आसपासची नऊ गावं नकाशावरून पुसली गेली, त्यातली बहुतेक पुन्हा वसलीच नाहीत. आज तिथे जंगल आहे, पण झाडांखाली खड्ड्याला खड्डा लागून आहे. तिथल्याच एका जागी १९२८ मध्ये सुमारे दोन लाख रासायनिक गोळे जाळून नष्ट केले. मातीत आर्सेनिक इतकं मुरलं की जवळजवळ शतकानंतरही तो तुकडा बहुतांशी उघडाबोडका आहे. त्याचा फोटो वर्गात दाखवला, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मग द्रासला काय उगवतं?” मला उत्तर देता आलं नाही.

व्हर्दंला निदान पाऊस आहे, पालापाचोळा कुजून खड्ड्यांत नवी माती धरते. द्रास-कारगिल म्हणजे थंड वाळवंट. तिथे माती धरायला पिढ्या जातात, गावांची शेती नाल्यांच्या आणि बर्फाच्या पाण्यावर चालते. आणि न फुटलेले गोळे? एप्रिल २०२३ मध्ये कारगिलजवळ खेळायला गेलेला एक मुलगा अशाच जुन्या गोळ्याने दगावला. युद्ध संपलं, तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

महोदय, कोणत्या लक्ष्यावर किती गोळे टाकले, याच्या नोंदी तोफखाना ठेवतो. गोपनीयतेची गरज मी जाणतो. तोफा कुठे होत्या हे कुणी विचारत नाही. गोळे कुठे पडले, एवढंच त्या नोंदींवरून नकाशावर उतरवा. तो नकाशा इंजिनिअर्सच्या तुकड्यांना द्या आणि वस्त्या, कुरणं, खेळाची मैदानं आधी तपासून घ्या. कृषी शास्त्रज्ञांकडून माती आणि नाल्यांच्या पाण्याची तपासणी करवा. शिसं, तांबं, स्फोटकांचे अंश, जे सापडेल ते गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत सांगा. देशभरच्या फायरिंग रेंजच्या कडेलाही हेच व्हावं. पोटासाठी भंगार वेचणारी माणसं तिथे जीव धोक्यात घालतात.

२०२२ मध्ये द्रासच्या पॉइंट ५१४० या शिखराला ‘गन हिल’ हे नाव देऊन आपण तोफचींचा सन्मान केलात. या कामाची सुरुवात त्याच डोंगराच्या पायथ्यापासून करावी आणि येत्या २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, तशी घोषणा करावी, ही विनंती.

आपला,
एक भूगोल शिक्षक, नाशिकरोड