दार उघडं, पण रेल्वे कुणाची?

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

मुक्तद्वार धोरणावरचं, म्हणजे चीनमध्ये सगळ्या देशांना व्यापाराची सारखी संधी मागणाऱ्या अमेरिकेच्या धोरणावरचं, तुझं सरावाचं उत्तर वाचलं. बाबा 'छान आहे' म्हणून मोकळे झाले, मला तसं म्हणवेना. 'अमेरिकेने चीनला फाळणीपासून वाचवलं' असं तू पहिल्याच ओळीत ठोकून दिलं आहेस. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉन हे यांनी सप्टेंबर 1899 मध्ये बड्या देशांना पत्रं धाडली, त्यात मागितलं काय ते बघ. ज्याच्या त्याच्या प्रभावक्षेत्रात (चीनच्या ज्या भागात त्या देशाचा वरचष्मा होता तिथे) सगळ्यांच्या मालाला चिनी जकात सारखीच लागावी, ती चिनी सरकारनेच गोळा करावी, आणि बंदराचं शुल्क व रेल्वेचं भाडं परक्यांना जास्त पडू नये. प्रभावक्षेत्रं मोडा, असं त्यात कुठेही नाही. चीनच्या अखंडतेची भाषा आली ती जुलै 1900 च्या पत्रकात. पेकिंगच्या दरबाराला, म्हणजे खुद्द चिनी सरकारला, तर कुणी विचारलंच नव्हतं. रशियाने रेल्वेच्या भाड्याबद्दल हमी द्यायचं टाळलं, तरी मार्च 1900 मध्ये जॉन हे यांनी सगळ्यांची संमती मिळाल्याचं जाहीर करून टाकलं!

माझी उभी नोकरी क्लिअरिंग एजंटच्या (जकातीतून माल सोडवून देणाऱ्याच्या) ऑफिसात गेली, म्हणून मी त्या भाड्यापाशी अडते. जकात सारखी असून भागत नाही गं. गाडी ज्याची तो आपल्या माणसाला सूट देतो, त्याचा माल आधी चढवतो, दुसऱ्याचा यार्डात पडून राहतो. रशिया-जपान युद्धानंतर, 1905 मध्ये, दक्षिण मांचुरियाची (चीनच्या ईशान्य भागातली) रेल्वे रशियाकडून जपानकडे गेली, तेव्हा अमेरिकी-ब्रिटिश व्यापाऱ्यांची ओरड अशीच होती. 1909 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री नॉक्स यांनी सुचवलं, की सगळ्यांनी मिळून चीनला कर्ज द्यावं आणि चीनने मांचुरियातल्या रेल्वे विकत घ्याव्यात. रशिया आणि जपान दोघांनीही नकार दिला. पाच वर्षांपूर्वीच्या त्या युद्धात एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोघे जुलै 1910 मध्ये करार करून एक झाले. हे सगळं तू एका ओळीत उरकलं आहेस.

मांचुकुओच्या, म्हणजे जपानने मांचुरियात उभ्या केलेल्या बाहुल्या राज्याच्या, तेलाचं तर नावच नाही. चीनमध्ये मक्तेदारी मागणार नाही, असं जपानने 1922 च्या नऊ राष्ट्रांच्या करारात लिहून दिलं होतं. तरी नोव्हेंबर 1934 मध्ये मांचुकुओत तेलविक्रीच्या सरकारी मक्त्याचा कायदा आला. अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स यांनी तोक्योत निषेध नोंदवला. उत्तर मिळालं, तो स्वतंत्र देश आहे, त्यांच्याशी बोला. आता बोलणार कसं? निषेध करणाऱ्यांनी त्या देशाला मान्यताच दिली नव्हती. एप्रिल 1935 मध्ये मक्ता लागू झाला आणि परदेशी तेल कंपन्यांनी तिथून गाशा गुंडाळला.

आणखी एक. चीनमध्ये समान वागणूक मागणाऱ्या अमेरिकेने 1882 पासून चिनी मजुरांना स्वतःचं दार बंद केलं होतं. त्यावरून 1905 मध्ये शांघाय, कँटनमध्ये अमेरिकी मालावर बहिष्कार पडला. हे उत्तरात घेच, जागा होत नसेल तर प्रस्तावना काप.

पुन्हा लिहून रविवारपर्यंत पाठव. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई