माहितीदार क्रमांक ७ यांस

गुरवकाका, साष्टांग नमस्कार.

परवा विद्यापीठात माझी तोंडी परीक्षा झाली. पीएचडी मिळाली. फोनवर एवढंच सांगता आलं. पुढे मला बोलवेना आणि तिकडून तुमचाही आवाज येईना. राहिलेलं इथे लिहिते. सगळ्यांसमोर लिहिते, कारण प्रबंधात तुमचं नाव नाही. तुमच्याच सांगण्यावरून तिथे तुम्ही 'माहितीदार क्र. ७' आहात. ऋणनिर्देशाच्या दोन पानांत कितीतरी नावं आहेत, त्यातली काही नुसती रीत म्हणून घातली आहेत. ज्यांच्यामुळे प्रबंध उभा राहिला त्यांचंच नाव नाही, हे छापायला दिलं त्या दिवसापासून टोचतंय.

विषय घेऊन मी पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेले त्यांनी टाचण चाळून परत दिलं. "पालखी, मानकरी, गावकी ही लोकसंस्कृती झाली. यात राज्यशास्त्र कुठे आहे? धर्म आणि राजकारणच करायचं तर एखादा मोठा विषय घ्या." पुढची दोन वर्षं माझा आराखडा या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. एका बैठकीत तर मला विचारण्यात आलं, "देवाच्या कामात भांडणं लावायला निघालात का?" मी तासिका तत्त्वावर शिकवणारी, उलट काय बोलणार? महाडचं चवदार तळं आमच्याच कोकणातलं, १९२७ चं. रत्नागिरीचं पतितपावन मंदिर १९३१ चं. पाणवठ्यावर आणि देवळात कोण कुठे उभं राहणार हा प्रश्न राजकारणाचा नाही, असं कोकणात बसून कुणी कसं म्हणू शकतं? तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्हाला यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही. शिमग्याला पालखीत रूपं म्हणजे देवाचे मुखवटे लागले, पालखी सहाणेवर, म्हणजे गावातल्या तिच्या बसायच्या जागेवर आली की पहिला खांदा कुणाचा, देवापुढे घालायच्या गाऱ्हाण्यात पहिलं नाव कुणाचं, पालखी कुठल्या वाडीत आधी जाणार, हे तुम्ही जन्मभर बघत आलात. खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करायचा खोताचा वतनी हक्क, मोडायचं विधेयक बाबासाहेबांनी १९३७ साली विधिमंडळात मांडलं, कायदा झाला तो १९४९ चा. सारावसुली गेली, खोत कागदावरून पुसला गेला, पण बऱ्याच गावांत पालखीपुढचा त्याचा मान तसाच राहिला. मग ग्रामपंचायत आली. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना आहेत. तुमच्याच शेजारच्या गावात सहाणेकडे जाणारी पाखाडी, दगडी पायऱ्यांची वाट, सरपंचबाईंच्या सहीने झाली आणि शिमग्याला त्याच बाई पाखाडीच्या कडेला हात जोडून उभ्या होत्या. माझं तिसरं प्रकरण एवढंच विचारतं, की मान एकाकडे आणि मत दुसऱ्याकडे असलं तर गाव चालवतं कोण?

हे प्रकरण मुळात वेगळं होतं. ते बदललं त्या आषाढातल्या रात्री.

संध्याकाळची एसटी चुकली म्हणून काकींनी ठेवून घेतलं. लाइट गेलेली, कौलांवर पाऊस. तुम्ही ती तीन वर्षं सांगितलीत, दोन भावक्यांतली तेढ, जमावबंदी, देवळाच्या दाराला लागलेलं कुलूप. मी चिमणीच्या उजेडात भराभरा लिहून घेतलं आणि वही मिटायला लागले. तेव्हा तुम्ही म्हणालात, "मिटू नको गो बाय. वाचून दाखव." आणि उठून आतून बॅटरी आणलीत.

काका, तोवर मी चाळीस माणसांशी बोलले होते. कुणी घाबरून बोललं, कुणी मिरवायला बोललं. लिहिलेलं परत वाचून दाखव असं कुणी म्हटलं नव्हतं. तुम्ही माझ्या बाजूला उकिडवे बसून वहीवर बॅटरी धरलीत. वय झालेलं, हात थरथरत होता, उजेड ओळीवरून सरकायचा, मग तुम्ही दुसऱ्या हाताने मनगट आवळून धरायचात. चौदा पानं मी वाचली. मध्येच एका ओळीवर थांबवलंत. मी लिहिलं होतं, 'तीन वर्षं पालखी बंद पडली.'

"बंद पडली नाय. बंद ठेवली."

एवढंच बोललात. मी पडली खोडून ठेवली लिहिलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. ठेवली म्हटलं की कुणी ठेवली, ते विचारावं लागतं. घरी येऊन ते विचारत बसले, जुन्या तारखा काढल्या, तेव्हा दिसलं की कुलूप लागलं ते पंचायतीच्या निवडणुकीच्याच वर्षी आणि उघडलं ते पुढची निवडणूक जवळ आल्यावर. सगळं प्रकरण नव्याने लिहिलं. परवा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडून विचारलं, "हे क्रियापद तुम्ही जाणीवपूर्वक वापरलंय का?" मी सांगितलं, ते माझं नाही, माहितीदार क्रमांक ७ यांचं आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मग यांच्याबद्दल सांगा." मी सांगत राहिले. त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

गुरव दोन्ही भावक्यांचा. एक रुसला तर तुमचं देवळातलं काम जातं, हे तुम्हाला त्या रात्रीही माहीत होतं. तरी कुणाबद्दल वावगा शब्द काढला नाहीत आणि खरं ते सोडलंही नाहीत. मला अशी आणखीही माणसं भेटली. शेवटची गाडी दोन मिनिटं थांबवणारे कंडक्टर भेटले, तालुक्याच्या वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं स्वतः माळ्यावरून उतरवून देणाऱ्या बाई भेटल्या, सांगायचं नसेल तर सरळ "नाय सांगणार" म्हणून वर गूळपाणी देणारे मानकरी भेटले. शहरातून माझा कागद परत आला की मी यांची आठवण काढायची. यांच्यापैकी कुणी मला माझा विषय लहान आहे असं म्हटलं नाही.

काकींना नमस्कार सांगा. बांधलेली प्रत या आठवड्यात हातात येईल. शिमग्याला रूपं लागायच्या आदल्या दिवशी येते, मुक्कामालाच येते. तिसरं प्रकरण पहिल्यापासून वाचून दाखवते. अजून कुठे शब्द चुकला असेल तर थांबवा.