काका, सुई आता 80 वर आहे

काका, नमस्कार. तुमच्याकडं बटनाचा फोन आहे, त्यामुळं हे तुमची नात तुम्हाला वाचून दाखवणार असं आमचं ठरलं आहे. फोनवर आभार मानायला लागलो का तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून कापून टाकता, म्हणून सगळ्यांसमोर लिहून राहिलो. आणि सगळं लिहितो, कारण आमच्यासारख्या अजून कोणाकोणाच्या अंगणात जुन्या गाड्या उभ्या असतील न त्यांनाही टेम्परेचर मीटरच्या सुईचा हाच त्रास होत असेल.

बाकीच्यांना सांगतो, आमची गाडी म्हणजे नाकवाली टाटा मर्सिडीज ट्रक, 1968 चं मॉडेल. 1954 मध्ये टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि जर्मनीच्या डेमलर-बेंझचा 15 वर्षांचा करार झाला होता, त्या काळातल्या गाड्यांच्या समोरच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा असायचा, करार संपल्यावर तारा गेला न टाटाचा टी आला. आमच्या गाडीवर तारा आहे. बाबांनी 1984 मध्ये सेकंडहँड घेतली. कापूस एकाधिकार खरेदीचे, म्हणजे सरकारच कापूस घ्यायचं तेव्हाचे, दिवस होते ते, केंद्रावर बंड्यांच्या रांगा लागायच्या आणि बाबा जिनिंग-प्रेसिंगमधून 170 किलोच्या रुईच्या गाठी भरून रात्र रात्र गाडी चालवायचे. आमच्या दोघा भावांचं शिक्षण, बहिणीचं लग्न, घाटंजी रोडवरचं पाच एकर वावर, सगळं ह्या गाडीनं दिलं. बाबा गेल्यावर दोन वर्षं निंबाखाली उभी होती, मग मीच चालू केली, आता सीझनमध्ये घरचा कापूस नेतो आणि वर्षातून एकदा आईला घेऊन कळंबच्या चिंतामणीला जातो, थोडीच चालवतो पण चालवतो.

त्रास सुरू झाला तो टेम्परेचर मीटरपासून. एक दिवस सुई थंडवर झोपली ती उठेचना. मी दुकानातून नवा सेंसर आणला, इंजिनातलं पाणी किती तापलं ते मीटरला सांगते तो, दुकानदार म्हणे आटे बसले म्हणजे झालं, सगळे सारखेच असतात. पाणी गळू नये म्हणून आट्यांवर पांढऱ्या टेपचे पाच-सहा वेढे मारले आणि कसून टाकला. सुई उठली, मी खुश. पण त्या दिवसापासून पंधरा-वीस किलोमीटर झाले का सुई लालमध्ये. गाडी बाजूला लावा, बॉनेट उघडा, अर्धा तास थांबा, पुन्हा निघा. एका गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी रेडिएटर खोलून साफ केला, वॉटर पंप बदलला, थर्मोस्टॅट वॉल (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवते तो) काढूनच टाकला, म्हणे आपल्या इकडच्या उन्हाळ्यात त्याचं कामच नाही. सुई लालमध्येच. मग म्हणे इंजिनाचं हेड उतरवावं लागते, 38 हजार धरून चाला. तोवर माझे बावीस हजार गेले होते काका. आई एक दिवस म्हणाली, "विकून टाक बाप्पा, तुया जीवाले घोर नको." आणि ती बाहेर निंबाकडं पाहत बसली, माझ्याकडं पाहिलं नाही तिनं. भंगारवाला येऊन किलोचा भाव सांगून गेला होता तेव्हा.

मे महिन्यात आर्णी रोडच्या त्या चहाच्या टपरीवर तुम्ही भेटले. उन्हानं डोकं फाटत होतं, गाडीत गिट्टी होती, सुई लालच्या पार शेवटाला टेकली होती आणि मी कॅन घेऊन रेडिएटरवर पाणी टाकायला निघालो होतो. तुम्ही चहाचा ग्लास खाली ठेवून उठले. "थांब. पानी टाकू नको." आधी कान लावून ऐकलं, मग रेडिएटरच्या वरचा होज, तो रबरी पाइप, दोन बोटांनी दाबून पाहिला. मला म्हणाले तूही दाब. मी घाबरत घाबरत हात लावला. गरम होता पण चटकन दाबल्या गेला. तुम्ही म्हणाले, "लालमंदी असती त हा होज दगडावानी झाला असता न बुडबुड्याचा आवाज आला असता. इंजन तापलं हे तुले कोनं सांगतलं?"

मी म्हटलं, मीटरनं.

"मंग मीटरले इचारा लागन."

एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन म्हणून तुमची सगळी नोकरी झाली हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. तुम्ही माझा नंबर घेतला, गाव विचारलं, आणि रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं खांद्याला पिशवी लावून आमच्या फाट्यावर उतरले. मी घ्यायला येतो म्हटलं होतं, तरी उतरून चालत निघाले होते. पिशवीत एक मल्टिमीटर, बिस्किटाचा एक जुना टिनाचा डबा न टॉवेल.

त्या दिवशी तुम्ही इंजिनाला पानाच लावला नाही पहिले दोन तास. सेंसरवरची वायर काढली, ती हवेत ठेवली तर सुई खाली पडली, बॉडीला टेकवली तर सुई भरकन वर गेली, लगेच काढून घेतली. म्हणाले, म्हणजे सुई जिवंत आहे आणि वायर कुठी तुटली नाही. मग टिनाचा डबा उघडला. त्यात रजिस्टन्स होते, म्हणजे करंट अडवणारे बारके तुकडे, कोणता किती अडवते त्या मापाचे, म्हणजे ओमचे, नंबर तुमच्या हातानं कागदाच्या पट्ट्या चिकटवून लिहिलेले, 39, 47, 56, 68, 82, 100. एक एक रजिस्टन्स तुम्ही सेंसरच्या जागी जोडत गेले, एक टोक वायरला न दुसरं इंजिनाला, आणि मी कॅबिनमध्ये बसून सुई कुठं थांबते ते ओरडून सांगत गेलो. 68 चा लावला तर सुई बरोब्बर 80 वर. 39 चा लावला तर 100 वर. तुम्ही माझ्या वहीच्या मागच्या पानावर ते लिहून घेतलं.

मग सेंसर काढला आणि आईला चूल पेटवायला सांगितली. हा भाग मी कधी विसरणार नाही. दुधाच्या गंजात पाणी, त्यात डेअरीतून मागून आणलेला काचेचा थर्मामीटर, आणि सेंसर तारेनं आडव्या काडीला टांगलेला, फक्त खालचा पितळी भाग पाण्यात. गंजाच्या बुडाला टेकू द्यायचा नाही, कारण बूड पाण्यापेक्षा जास्त तापलेलं असते, हे तुम्ही मला तीनदा बजावलं. मल्टिमीटरची एक पिन सेंसरच्या बॉडीला, दुसरी वरच्या टोकाला. आई चमच्यानं पाणी हलवत होती, तुम्ही आकडे वाचत होते, मी लिहीत होतो. पाणी तापत गेलं तसे ओम कमी होत गेले. 80 डिग्रीला आकडा आला 39. तुम्ही काही बोलले नाही, फक्त माझ्या वहीत आधी लिहिलेल्या 39 वर बोट ठेवलं. मीटरच्या हिशोबानं 39 म्हणजे 100 डिग्री. म्हणजे पाणी 80 वर असताना ही सुई 100 दाखवत होती, इतके महिने, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवून रेडिएटर खोलत बसलो होतो. आईला कळलं नाही का काय झालं, पण माझा चेहरा पाहून तिनं विचारलं, "म्हंजे गाडी बरी हाये?" तुम्ही म्हणाले, "वहिनी, गाडी कधी बिमार नोहती." चुलीजवळ बसून आई रडली काका. तुम्ही तेव्हा बाहेर हात धुवायला निघून गेले, मुद्दाम गेले हे मला माहीत आहे.

पाणी उकळलं तेव्हा थर्मामीटर 99 दाखवत होता, मला वाटलं थर्मामीटरही बिघडलेला. तुम्ही समजावून सांगितलं का आपण समुद्राच्या पातळीपासून उंच आहो, दर 300 मीटरला साधारण एक डिग्री आधी पाणी उकळते, म्हणून आपल्या इकडं 99 बरोबरच आहे. शाळेत हे शिकलो होतो, पण चुलीसमोर बसून पहिल्यांदा कळलं. आणि मग पाणी निवतानाही सगळे आकडे परत घेतले, म्हणे तापताना घाईत चूक होते, निवताना पाणी सावकाश उतरते न आकडा पक्का भेटते.

टेपचं पण सांगून टाकतो, कारण हे खूप लोक करतात. सेंसरला एकच वायर असते, करंट परत जायचा रस्ता म्हणजे सेंसरची बॉडी न तिचे आटे. आट्यांवर जाड टेप गुंडाळला का तोच रस्ता अडते, आणि सुई खऱ्यापेक्षा खाली दाखवते. म्हणजे माझ्या गाडीत चुकीचा सेंसर सुई वर ओढत होता आणि टेप मधून मधून खाली, म्हणून एखाद दिवशी सुई नीट वाटायची न मी समजायचो का नवा पंप कामाला आला. तुम्ही म्हणाले वर दाखवणाऱ्या मीटरनं पैसा जाते, पण खाली दाखवणाऱ्या मीटरनं इंजिन जाते. ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

हेडलाइट लावल्यावर सुई वर उडते हे मी सहज बोलून गेलो होतो, तुम्ही तेवढंच पकडलं. गाडी चालू करून लाइट लावायला लावले, मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनाच्या खरडलेल्या लोखंडावर. पाऊण व्होल्ट! खाली वाकून पाहिलं तर इंजिनापासून चेसीला येणारी अर्थची पट्टी गंजून दोन-चार तारांवर लटकून होती. डायनामो इंजिनावर बसलेला, लाइटचा सगळा करंट त्या चार तारांतून परत जाऊन राहिला होता न त्याचा भार मीटरच्या सुईवर पडत होता. नवी पट्टी, दोन्हीकडचा रंग न गंज पॉलिश पेपरनं घासून पांढरं लोखंड काढलं, बोल्ट कसले, वरून ग्रीस. दुसऱ्यांदा मोजलं तर आकडा जवळजवळ शून्य. लाइट लावा, बंद करा, सुई हलत नाही.

सेंसरसाठी यवतमाळला गेलो तेव्हा दुकानदारानं एक डबा पुढं केला, म्हणे हाच बसते. तुम्ही शेजारच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी मागून आणलं, काउंटरवर थर्मामीटर टाकून 80 वर उतरेपर्यंत शांत उभे राहिले, आणि चार सेंसर एकामागून एक बुडवून मोजले. गिऱ्हाईक जमा झाले होते पाहायला. तिसरा निघाला 70 चा, आपल्या 68 च्या जवळचा. "हा दे." दीडशे रुपयाच्या आत काम झालं काका. दीडशे.

थर्मोस्टॅट परत बसवायला मी तयार नव्हतो, तुमच्याशी वाद घातला, त्याबद्दल माफी मागतो. तुम्ही रागावले नाही, सांगितलं का थर्मोस्टॅट नसला तर इंजिन गरमच व्हायला वेळ लागते, थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, पांढरा धूर निघते, इंजिनाच्या आतल्या लायनर-रिंगा लवकर घासतात. आणि खरंच, हिवाळ्यात सकाळी कापूस भरून निघालो का आमची गाडी कितीतरी वेळ धूर टाकत जायची, मी म्हातारपण समजत होतो. ह्या डिसेंबरात धूर नाही.

माझ्या भाच्यानं लांबून टेम्परेचर मोजायची ती गन आणली होती, त्यावरही तुम्ही एक गोष्ट शिकवली. रेडिएटरच्या चकचकीत पितळेवर धरली तर 50 च्या आसपास दाखवत होती, भाचा म्हणे मामा मीटर अजूनही खोटं आहे. तुम्ही खिशातून काळी इन्सुलेशन टेप काढून पितळेवर एक तुकडा चिकटवला, मिनिटभर थांबले न म्हणाले आता मार. 81. चमकत्या धातूवर ती गन फसते, काळ्यावर नाही. मीटर 80 च्या थोडं वर. भाचा तेव्हापासून तुमचं नाव काढते रोज.

तुम्हाला पाकिटात पैसे देत होतो तर तुम्ही पाकीट आईच्या देवघरात ठेवून गेले. बसचं तिकीटसुद्धा घेतलं नाही. नवतपात भर दुपारी पूर्ण भरून गाडी नेली, चढावर सुई 90 ला लागली, उतारावर परत 80. मी कुठंच थांबलो नाही. त्या टपरीसमोरून गेलो तेव्हा हॉर्न वाजवला.

बाबा गाडी चालवताना गाणी म्हणायचे. मी मागची दोन वर्षं गाडीत बसलो का फक्त सुईकडं पाहायचो, रस्ता, वावरं, बाजूला बसलेली आई, काही दिसायचं नाही. ह्या वेळी कळंबला जाताना आईनं बाबांच्या गोष्टी सांगितल्या, जाताना सुरू केल्या त्या घरी येईपर्यंत, अर्ध्या मी कधी ऐकल्याच नव्हत्या. हे तुमच्यामुळं झालं काका. मनापासून धन्यवाद.

तुमचा टिनाचा डबा माझ्याकडंच राहिला आहे. 68 चा रजिस्टन्स मी वापरताना वाकवला होता, तो सरळ करून परत जागी ठेवला, आणि एक पट्टी निघाली होती ती नवीन लिहून चिकटवली. येत्या रविवारी डबा घेऊन आर्णीला येतो, गाडीच घेऊन येतो. आई म्हणते रोडगे न वांग्याची भाजी सोबत बांधून देते, तर काकूंना सांगून ठेवा, त्या दिवशी स्वयंपाक करू नका.