जेसन डनहॅमविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा पुतण्या सैन्यात भरती झाल्याचे वाचून अभिमान वाटला आणि काळजीही वाटली. दुसऱ्यासाठी जीव देणारी मुले त्या क्षणी काही विचार तरी करत असतील का, हा वहिनींचा प्रश्न वाचताच मला जेसन डनहॅम आठवला.

तो न्यूयॉर्क राज्यातल्या सायो या लहानशा गावचा. जन्म 10 नोव्हेंबर 1981 चा, म्हणजे नेमका अमेरिकेच्या मरीन दलाच्या स्थापनादिनाचा. इराकमध्ये तो याच मरीन दलात कॉर्पोरल या कनिष्ठ हुद्द्यावर होता आणि एक छोटी तुकडी त्याच्या हाताखाली होती. 2004 च्या उन्हाळ्यात त्याची नोकरीची मुदत संपत होती, तरीही आपली सगळी पोरे सुखरूप घरी परतावीत म्हणून त्याने ती आपणहून वाढवून घेतली. मला विचारशील तर त्याचे खरे शौर्य इथेच सुरू झाले. ग्रेनेडवर हेल्मेट पालथे घातले तर स्फोट अडेल का, यावरही त्याने काही आठवडे आधी सहकाऱ्यांशी चर्चा केली होती.

14 एप्रिल 2004 रोजी, सीरियाच्या सीमेजवळ हुसैबाच्या परिसरात, आपल्याच बटालियनच्या ताफ्यावर हल्ला झाल्याचे कळताच तो तिकडे निघाला. वाटेत गाड्यांची तपासणी चालू असताना एकाने गाडीतून झेप घेऊन थेट त्याचा गळा धरला. दोघांची झटापट झाली, आणि त्या माणसाच्या हातून ग्रेनेड सुटलेला जेसनला दिसला. त्याने साथीदारांना सावध केले आणि आपले हेल्मेट ग्रेनेडवर दाबून स्वतःचे अंग त्यावर झोकून दिले. केव्हलार या अतिशय चिवट धाग्याच्या त्या हेल्मेटच्या चिंधड्या उडाल्या. जवळचे दोघे मरीन जखमी झाले, पण वाचले.

तो शुद्धीवर आलाच नाही. 22 एप्रिलला मेरीलँडमधील बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयात, आई-वडील उशाशी असताना, तो गेला. वय अवघे 22. आशा उरली नसल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर व्हेंटिलेटर काढण्यास त्या दोघांनीच संमती दिली होती. आपण त्या जागी असतो तर हे कसे पेलले असते, याची मला कल्पनाही करवत नाही.

ज्या विध्वंसक अस्त्रांच्या नावाने ते युद्ध पुकारले गेले, ती इराकमध्ये सापडली नाहीत, म्हणून त्या युद्धाचे समर्थन मी आजही करणार नाही. पण त्यामुळे या मुलाचे मोल माझ्या मनात तसूभरही कमी होत नाही. त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मरणोत्तर देण्याची घोषणा त्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी झाली आणि जानेवारी 2007 मध्ये ते पदक कुटुंबाच्या हाती सोपवले गेले. 2010 मध्ये त्याच्या नावाची विनाशिका अमेरिकी नौदलात दाखल झाली.

वहिनींना ग्रेनेडची हकिगत सांगू नकोस. वाढवून घेतलेल्या मुदतीची तेवढी सांग. पुतण्या पहिल्या रजेवर आला की त्याला मी स्वतः सविस्तर लिहीन.

तुझा,
जुना मित्र