टार्टनसारखी कुणबी साडीच्या चौकड्यांचीही नोंद व्हावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतील चौकडीच्या कापडांवरील लेखात, स्कॉटलंडमधील प्रत्येक कुळाचे टार्टन, म्हणजे रंगीत चौकड्यांचे लोकरी कापड, प्राचीन काळापासून ठरलेले आहे, असे विधान आहे. चौकडीचे लोकरी कापड त्या देशात फार जुने आहे हे खरेच. फॉल्कर्क येथे सापडलेला तुकडा तिसऱ्या शतकातील मानला जातो. मात्र अमुक कुळाची अमुक चौकडी ही व्यवस्था मुख्यतः एकोणिसाव्या शतकात आकाराला आली. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांचे जॅकोबाइट बंड मोडल्यावर १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना व मुलांना आपला पोशाख करण्यास मनाई झाली. ती १७८२ मध्ये उठली. पुढे १८१५ मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळप्रमुखांकडून सही-शिक्क्यानिशी नमुने मागवले, तेव्हा आपले टार्टन कोणते हे काहींना ठाऊकच नव्हते. ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज १८२२ मध्ये एडिंबरोला आला, त्या सोहळ्यात कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी सर्वांना टार्टन नेसून येण्याचा आग्रह केला आणि मागणी एकदम वाढली. बॅनकबर्न गावच्या, टार्टन विणणाऱ्या विल्सन पेढीतल्या कित्येक चौकड्यांना आधी नुसते क्रमांक होते. कुळांची नावे नंतर मिळाली.

एवढ्याने टार्टनचे मोल कमी होते, असे मला मुळीच वाटत नाही. उलट त्या लोकांनी पुढे जे केले ते आपण करावे, यासाठी हे पत्र आहे. स्कॉटलंडच्या संसदेने २००८ मध्ये कायदा करून टार्टनची सरकारी नोंदवही सुरू केली. टार्टनमध्ये साधारणपणे उभ्या धाग्यांत रंगांचा जो क्रम, तोच आडव्या धाग्यांतही असतो. त्यामुळे रंग आणि धाग्यांची गणती लिहून ठेवली की ती चौकडी कोणत्याही विणकराला केव्हाही पुन्हा जशीच्या तशी विणता येते.

गोव्यातील कुणबी आणि गावडा स्त्रियांची लाल-पांढऱ्या चौकड्यांची सुती साडी, जी शेतातल्या कामाला सोयीची म्हणून आखूड नेसून खांद्यावर गाठ मारली जाते, तिलाही अशीच काटेकोर नोंद लाभली पाहिजे. दिवंगत वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी ही साडी फॅशनच्या मंचावर नेली, हे त्यांचे मोठेच काम. तरीही मंचावरचा नमुना हा मूळ नमुन्याचा पुरावा होऊ शकत नाही. आता तर चौकडी नुसती छापलेले कापडही ‘कुणबी’ म्हणून विकायला ठेवलेले दिसते. ते उलटून पाहावे. छापील रंग मागच्या बाजूला बहुधा फिका असतो, विणलेली चौकडी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते.

गोवा शासनाने घरोघरी जपलेल्या जुन्या साड्या, त्या घरांच्या संमतीने, जाणत्या विणकरांकडून तपासून घ्याव्यात. धाग्यांची गणती, रंग, काठाची रुंदी आणि ज्या गावात ती साडी नेसली जात होती त्याचे नाव नोंदवून ती वही सर्वांसाठी खुली करावी. ज्या आजींना नेसण्याची पद्धत ठाऊक आहे, त्यांच्याकडून ती याच कामात लिहून घ्यावी.

आपला,
एक वाचक, म्हापसा