गळालेला ‘अ’

लीड्स,
१६ नोव्हेंबर

प्रिय शुभे,

तुझा निरोप रात्रपाळीला निघताना वाचला. आठवीच्या पोरांना ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ शिकवतेयस आणि मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “बाई, एका ‘अ’नं असं काय बिघडतं?” बसमध्ये एकटीच हसत बसले. मोबाईलवर दोन ओळी खरडणार होते, पण हे प्रकरण दोन ओळींत मावणारं नाही. त्या पोराला सांग, काय बिघडतं ते मावशीनं स्वतः बिघडवून पाहिलंय.

इथे आले त्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. वॉर्डात एक आजोबा होते, खुब्याचं ऑपरेशन झालेले. दोन दिवस अन्नाला शिवले नव्हते. त्या दुपारी त्यांनी अर्धी वाटी सूप आणि पावाचा तुकडा खाल्ला. मला कोण आनंद! संध्याकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला, तर मी उत्साहानं सांगितलं, “ही हॅज ईटन लिटल टुडे.” पलीकडे एकदम शांतता. मग “ओ डिअर” आणि फोन बंद. तासाभरात ती बाई चाळीस मैल गाडी हाकत हजर, डोळे लाल. वडील उशीला टेकून टीव्हीवर स्नूकर बघत होते.

मला म्हणायचं होतं, ‘थोडं जेवले’. तिनं ऐकलं, ‘जेवलेच नाहीत म्हणा ना’. मधला ‘अ’ मी खाल्ला होता. त्या दिवशी आजोबांपेक्षा जास्त मीच खाल्लं म्हणायचं!

आपलं इंग्रजी पाचवीपासूनचं, आणि आर्टिकल म्हणजे परीक्षेतले पाच मार्क. गाळलं तर मार्क जातो एवढंच माहीत; अर्थ जातो हे कुणी सांगितलं? मला तर ते कोष्टक अजून पाठ आहे: फ्यू म्हणजे जवळजवळ नाहीतच, अ फ्यू म्हणजे काही थोडे, द फ्यू म्हणजे जे काही थोडे होते ते सगळे; ‘लिटल’चंही असंच. पाठ असूनही फोनवर जीभ मराठीच चालली.

तू फळ्यावर हे असं लिहून बघ. ‘थोडी मुलं आली’ आणि ‘थोडीच मुलं आली’. मुलं दोन्हीकडे सातच असू देत. पहिल्या वाक्यातली बाई खूश आहे, दुसऱ्यातली हिरमुसलीय. आपण उणं दाखवायला ‘च’ जोडतो, इंग्रज उणं दाखवायला ‘अ’ काढून घेतो. मोजणी तीच, बोलणाऱ्याचं तोंड कुठे वळलंय ते बदलतं. हे एवढं कळलं ना, तर पोरं कोष्टक विसरली तरी चालेल.

आता गंमत बघ. ह्याच ‘अ फ्यू’च्या पोटात एखादं विशेषण घातलं किंवा आधी ‘क्वाइट’ लावलं की तो फुगतो. ‘अ गुड फ्यू’, ‘अ फेअर फ्यू’, ‘क्वाइट अ फ्यू’, म्हणजे पुष्कळच. मला हे फार विचित्र वाटायचं. मग एकदा कपडे वाळत घालताना लक्षात आलं की आपणही तेच करतो की! बरा म्हणजे चांगला आणि बरेच म्हणजे पुष्कळ. ‘गुड फ्यू’ म्हणजे आपले ‘बरेच’. आणि ‘नॉट अ फ्यू’ म्हणजे शब्दशः आपलं ‘थोडेथोडके नव्हेत’. आपण उगीच ह्यांना घाबरत होतो.

‘द फ्यू’ मात्र इथे मानाचा शब्द आहे. २० ऑगस्ट १९४० ला चर्चिल पार्लमेंटात म्हणाले की इतक्या लोकांवर इतक्या थोड्यांचे इतके उपकार कधीच झाले नव्हते. तेव्हापासून ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ ह्या हवाई लढाईतल्या वैमानिकांचं नावच ‘द फ्यू’ पडलं. आपण ‘मूठभर मावळे’ म्हणतो ना, तसंच ते. पण म्हणून ‘मूठभर’ला सरळ ‘हँडफुल’ म्हणायला जाऊ नकोस हं. परवा एकीनं आपल्या नातवाचा फोटो दाखवला आणि म्हणाली, “ही इज अ हँडफुल.” म्हटलं, मूठभर कुठला, चांगला गुटगुटीत आहे! तिला म्हणायचं होतं, द्वाड आहे, आवरत नाही.

‘लेस’ आणि ‘फ्युअर’ची भानगड मात्र पोरांच्या डोक्यावर फार मारू नकोस. मोजता येतं त्याला फ्युअर, येत नाही त्याला लेस, इतकं पुरे. खुद्द इथल्या दुकानांच्या पाट्या चुकत आल्यात. ‘टेन आयटम्स ऑर लेस’, म्हणजे ‘दहा वस्तू किंवा कमी’, ह्या पाटीवरून लोक इतके कुरकुरले की टेस्को ह्या दुकानसाखळीनं २००८ मध्ये पाटीच बदलून ‘दहापर्यंत वस्तू’ अशी केली. आपला एकटा ‘कमी’ सगळीकडे चालतो, सुखी आहोत.

औषधांच्या ट्रॉलीपाशी गेलं की हे सगळे शब्द बंद. तिथे ‘अ कपल ऑफ टॅब्लेट्स’ चालत नाही. कपल म्हणजे कुणाचे दोन, कुणाचे दोन-तीन. आकडाच लिहायचा. अर्धा लिहायचा तर दशांश चिन्हाच्या आधी शून्य हवंच, ०.५ असं, नाहीतर तो ठिपका नजरेतून निसटतो आणि अर्ध्याचे पाच होतात, दहापट डोस! मायक्रोग्रॅम हा शब्द आखूड करायचा नाही, अख्खा लिहायचा, कारण घाईत तो मिलिग्रॅम वाचला गेला तर हजारपट फरक. ते शून्य लिहिताना मला दर वेळी माझा गळालेला ‘अ’ आठवतो.

आणि सगळ्यात फसवा शब्द सांगू? ‘अ बिट.’ ह्या यॉर्कशायरमध्ये जुने खाणकामगार खूप. अशा एका काकांना विचारलं, दुखतंय का? “नॉबट अ बिट, लव्ह.” नॉबट म्हणजे ‘नथिंग बट’, फक्त एवढंसंच. मी पुढच्या खाटेकडे वळणार, तेवढ्यात त्यांचा हात दिसला. खाटेचा कठडा असा धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडलेली. म्हटलं, शून्य ते दहामध्ये सांगा. थोडा विचार करून म्हणाले, “आठ.”

ह्याच ‘अ बिट’नं कोरियाच्या युद्धात घात केला अशी गोष्ट सांगतात. एप्रिल १९५१, इमजिन नदी. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची पलटण टेकडीवर चिन्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेच्या वेढ्यात. ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रोडी अमेरिकी जनरलला कळवतात, “थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर.” इंग्रजाच्या कानाला ह्याचा अर्थ, मरणाच्या दारात आहोत. अमेरिकनाला वाटलं, जरा अवघड आहे पण निभावतंय. कुमक वेळेत पोचली नाही, माघारीचा हुकूमही फार उशिरा आला. पाचशेहून जास्त जण कैद झाले. भाषा दोघांचीही इंग्रजीच होती बघ. तेव्हापासून कुणी ‘अ बिट’ म्हणालं की मी आधी चेहरा बघते, मग हात बघते.

खरं सांगू, त्या काकांचं ऐकून मला आमची आजी आठवली. गोठ्यात घसरून पडली, मनगट सुजून टम्म, आणि म्हणत होती, “काय न्हाई, वाईच दुकतंय.” दुसऱ्या दिवशी मिरजेला नेलं तर हाड दोन ठिकाणी मोडलेलं. मी शाळेत निबंधात ‘वाईच’ लिहिलं तेव्हा बाईंनी लाल शाईनं खोडून वर ‘थोडेसे’ लिहिलं होतं. आठवतं? तू शेजारी बसून खी-खी करत होतीस. ‘नॉबट’ही इथल्या कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडायचा नाही.

तुझ्या वर्गात अजून कुणी ‘वाईच’ म्हणतं का गं? मागच्या बाकावरच्या त्या पोराला विचार, आणि म्हणत असेल तर खोडू नकोस. काकूंना नमस्कार.

तुझीच,
मंदा