फॉरमॅट न करता संगणकाचं दुखणं शोधून देणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार. नाव कुठे लिहायचं नाही ही तुमची अट पाळते आहे. आभार मात्र सगळ्यांसमोरच मानायचे आहेत, कारण तुम्ही फोनवरून जे करून दाखवलंत, ते जुना संगणक जपून वापरणाऱ्या कितीतरी जणांच्या उपयोगी पडेल.

आमच्या संगणकावर अजून विंडोज ७ आहे. बदलून टाका, असं सगळे सांगतात. पण बाबांनी काढलेल्या फोटोंच्या स्लाइड्स ज्या स्कॅनरवर आम्ही उतरवतो, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, नव्या विंडोजसाठी निघालाच नाही. स्लाइड्स संपेपर्यंत हा संगणक चालायलाच हवा. आणि त्यावरच कुठल्याही फाइलवर राइट क्लिक केलं, की ‘विंडोज एक्सप्लोरर हॅज स्टॉप्ड वर्किंग’ अशी चौकट येऊ लागली. मग टास्कबार गायब, डेस्कटॉपवरचे आयकॉन गायब, आणि थोड्या वेळाने सगळं परत जागेवर. नाव बदलायला गेलं की तेच, कॉपी करायला गेलं की तेच. ज्यांना विचारलं त्यांचा उपाय एकच: फॉरमॅट मारा.

तुम्ही पहिल्याच फोनला म्हणालात, “फॉरमॅटचं नंतर बघू. आधी फोटो सुरक्षित करा.” कमांड प्रॉम्प्ट उघडायला लावून रोबोकॉपी हा फाइली कॉपी करण्याचा आदेश अक्षर-अक्षर सांगितलात. तो विंडोज ७ मध्ये मुळातच असतो आणि त्याला एक्सप्लोररची गरज लागत नाही, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. बाबांचं सगळं काम दुसऱ्या डिस्कवर गेलेलं पाहिल्यावर जिवात जीव आला. पुढचं सगळं मी शांतपणे करू शकले ते त्यामुळेच.

मग तुमचे प्रश्न सुरू झाले. डबल क्लिकने फाइल उघडते का? उघडते. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक केलं तर? काही होत नाही, मेन्यू नीट येतो. फाइलवर केलं तरच कोसळतं? हो, कुठल्याही फाइलवर. एवढ्यावरून तुमच्या लक्षात आलं, की बिघाड फाइलींच्या मेन्यूत बाहेरून येऊन बसलेल्या कशात तरी असावा. तुम्ही समजावलंत ते असं: डेस्कटॉप, टास्कबार, स्टार्ट मेन्यू आणि फोल्डरच्या खिडक्या हे सगळं एक्सप्लोरर हा एकच प्रोग्रॅम सांभाळतो. अँटिव्हायरस, फाइली झिप करणारी सॉफ्टवेअर, क्लाउड ड्राइव्ह, अशी कितीतरी मंडळी राइट क्लिकच्या मेन्यूत आपापली ओळ घुसवतात. त्यासाठी त्यांच्या डीएलएल फाइली, म्हणजे प्रोग्रॅमचे सुटे भाग, एक्सप्लोररच्या आतच चालतात. त्यांतली एक कोसळली की एक्सप्लोररही कोसळतो, आणि चौकटीत नाव मात्र त्याचंच येतं.

हे समजल्यावर इव्हेंट व्ह्यूअरची, म्हणजे विंडोज बिघाडांच्या नोंदी जिथे दाखवतं त्या खिडकीची, भीती राहिली नाही. विंडोज लॉग्ज, त्यात अॅप्लिकेशन, त्यात लाल खुणेच्या नोंदी, इव्हेंट आयडी १०००. ‘फॉल्टिंग मोड्यूल नेम’पुढचं, म्हणजे जिथे कोसळलं त्या फाइलीचं, नाव मी तुम्हांला वाचून दाखवलं: एनटीडीएलएल. मला वाटलं, सापडलं! तुम्ही लगेच थांबवलंत. ती विंडोजची स्वतःची फाइल, दुसऱ्याने केलेल्या गोंधळाचा शेवट पुष्कळदा तिच्यात होतो, म्हणून एका नोंदीवर विसंबू नका, मागच्या नोंदीही वाचा, असं म्हणालात. मागे जाता जाता एका नोंदीत अनोळखी डीएलएलचं नाव निघालं. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही जागा. इथे घाई केली असती तर विंडोजच्याच फाइली बदलत बसायची वेळ आली असती. एसएफसी स्कॅननाऊ हा विंडोजच्या फाइली तपासणारा आदेश चालवून त्या फाइली धड असल्याचंही तुम्ही तपासून घेतलंत.

एक्सप्लोररला जोडलेली एक्स्टेन्शन्स, म्हणजे असे बाहेरचे जोडभाग, दाखवणारं शेलएक्सव्ह्यू हे निरसॉफ्टचं छोटं मोफत साधन मी दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हने आणलं. इन्स्टॉल करावं लागत नाही. मायक्रोसॉफ्टची नसलेली एक्स्टेन्शन्स त्यात गुलाबी दिसतात. मेन्यूशी संबंधित तेवढी सगळी बंद केली, टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून पुन्हा चालू केला, आणि राइट क्लिक चाललं! मग निम्मी चालू, पुन्हा निम्मी, असं करत दोषी सापडलं. नोंदीतलंच नाव होतं. फाइली झिप करणाऱ्या एका जुन्या, कुणीच न वापरलेल्या सॉफ्टवेअरचं. ते लगेच उडवू नका, आधी नुसतं बंद ठेवून बघा, बंद केलेलं परत चालू करता येतं, हा तुमचा सल्ला मी लिहून ठेवला आहे. बंद ठेवल्यापासून ती चौकट आलेली नाही, तेव्हा आता काढून टाकते.

विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट सर्वसामान्य वापरणाऱ्यांसाठी १४ जानेवारी २०२० रोजी थांबले, म्हणून या संगणकाचं इंटरनेट तोडायला तुम्ही सांगितलंत, तेही केलं आहे. स्कॅनरला इंटरनेट लागत नाही.

काका, समोरच्याला काही कळत नाही असं गृहीत न धरता तुम्ही बोललात. मी वाचत होते, तुम्ही ऐकत होतात, आणि प्रत्येक पाऊल कशासाठी ते आधी सांगत होतात. पैशांचं विचारलं तर विषयच बदललात. म्हणून हे पत्र.

स्कॅनिंग परत सुरू झालं आहे. पुढची पेटी बाबांच्या सर्वांत जुन्या स्लाइड्सची आहे, त्यांतल्या काहींचे रंग उडाले आहेत. त्या स्कॅन करताना कोणतं सेटिंग ठेवावं, हे विचारायला फोन करणार आहे.

तुमची मनापासून आभारी,
स्लाइड्सवाली